पाण्यावरचा किडा आणि सस्क्वेहॅनाचा बास

हॅरिसबर्ग मागे टाकून उत्तरेला निघालं की रस्ता नदीची साथ सोडत नाही. डाव्या हाताला सस्क्वेहॅना वाहते आणि समोर अ‍ॅपलाचियन डोंगरांच्या रांगा दिसतात. या रांगा नदीने एकामागून एक चिरून काढल्या आहेत. भूशास्त्रज्ञ ही नदी डोंगरांपेक्षा जुनी मानतात, आणि त्या खिंडींतून जाताना ते पटतं. पेनसिल्व्हेनियाच्या या राजधानीपाशी पात्र दीड किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, पण ऑगस्टमध्ये बऱ्याच ठिकाणी पाणी जेमतेम गुडघ्याला किंवा मांडीला लागतं. खडकांच्या लांबच लांब ओळी पात्राला आडव्या गेलेल्या आहेत. प्रत्येक ओळीवरून पाणी खळखळत उतरतं, खाली थोडं खोल होतं, संथ होतं आणि पुढच्या ओळीकडे निघतं. मध्येच रॉकव्हिलचा रेल्वेपूल येतो. १९०२ साली बांधून झालेला हा ४८ कमानींचा पूल दगडी कमानींचा जगातला सर्वांत लांब रेल्वेपूल म्हणून ओळखला जातो. त्याच्या वरच्या अंगाला, जुन्या पुलाच्या उरलेल्या एका खांबावर स्वातंत्र्यदेवीची २५ फुटी प्रतिकृती उभी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑटसेगो सरोवरातून निघालेली ही नदी सुमारे ७१५ किलोमीटर वाहून चेसापीक उपसागराला मिळते, आणि त्या उपसागराला मिळणाऱ्या गोड्या पाण्यातलं निम्मं ही एकटी पुरवते.

मी मात्र पूल पाहायला गेलो नव्हतो. स्मॉलमाउथ बास हा मासा पाण्यावर उतरलेल्या किड्यावर कसा झेपावतो, आणि केस, फोम, रबर यांचा खोटा किडा करून माणूस त्याला कसा फसवतो, हे मला बघायचं होतं.

जवळच्या मेकॅनिक्सबर्गला माझी आतेबहीण राहते. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, मूळचे कुडाळचे. लहानपणी कर्ली नदीवर वेळूची काठी, तंगूस आणि गांडुळं घेऊन ते गरवायला जायचे. इथे आल्यावर गांडुळं सुटली, गरवणं सुटलं नाही. पहाटे गाडीत सामान चढवताना ते म्हणाले, "तिकडे मासा आमिषाच्या वासाला येतो. आपल्याकडे आज वासही नाही आणि चवही नाही. हा डोळ्यांनी बघून येणार. म्हणून आधी आपले डोळे कामाला लावायचे, हात नंतर."

आमचे वाटाडे एक निवृत्त शाळामास्तर होते आणि त्यांची शिकवायची सवय अजून गेलेली नव्हती. जुनियाटा नदी डंकॅननजवळ सस्क्वेहॅनाला मिळते. त्या संगमाच्या थोडं वर त्यांनी राफ्ट पाण्यात लोटली. पण माझ्या हातात रॉड देण्याआधी घोटाभर पाण्यात उभं राहून त्यांनी एक चपटा दगड उलटा केला. दगडाच्या पोटाला मेफ्लायच्या चपट्या अळ्या चिकटलेल्या होत्या, वाळूच्या कणांची घरं बांधून राहणारे कॅडिसचे किडे होते, आणि खालच्या गाळातून एक क्रेफिश मागच्या मागे सटकला. स्मॉलमाउथचं खरं जेवण म्हणजे हा क्रेफिश. बरेच दिवस तो तळाशी क्रेफिश आणि छोटे मासेच खातो. मग वर का बघतो? उन्हाळ्यात वरून पडणारा किडा फुकटचा असतो. त्याला नांग्या नाहीत, त्याला पळता येत नाही आणि तो एकाच जागी तडफडत राहतो. मास्तरांचं म्हणणं असं की या मासेमारीत मासा ओळखण्याआधी किडा ओळखावा लागतो. त्या मुक्कामात मी जे काही पाहिलं, ते सगळं या एका सूत्रात बसत गेलं.

थोडं माशाविषयी सांगतो. नावात बास असलं तरी हा सनफिश कुळातला. १८०२ साली लासेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याचं वर्णन केलं आणि दोलोमियू या भूशास्त्रज्ञाचं नाव त्याला दिलं. अंगाचा रंग जुन्या काशासारखा, त्यावर उभे गडद पट्टे, डोळे लालसर. वरचा जबडा डोळ्याच्या मध्याच्या फार मागे जात नाही. लार्जमाउथ या त्याच्या भावाचा जबडा डोळ्याच्या पार मागे जातो, एवढ्यावरून दोघं वेगळे ओळखता येतात. लार्जमाउथला साचलेलं, गवताळ पाणी आवडतं. याला दगड आणि प्रवाह लागतो. वसंतात पाणी साधारण १५ ते १८ अंशांवर आलं की नर खडीत घरटं खणतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि पिल्लांची राखण एकटा नर करतो. वाढ मंद असते. वीस इंची बास हातात आला तर तो बहुधा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त या नदीत राहिलेला असतो.

आणि हा मासा मुळात या नदीचा नाही. त्याचं घर अ‍ॅपलाचियनच्या पलीकडे, ओहायोच्या खोऱ्यात आणि मोठ्या सरोवरांकडे. १८५४ साली व्हीलिंगहून काही बास बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनाला जोडलेल्या पाण्याच्या टाकीत घालून डोंगरापलीकडे कंबरलँडला आणले गेले आणि तिथल्या कालव्यात सोडले गेले. तिथून ते पोटोमॅक नदीत पसरले. पोटोमॅकमधले मासे पुढे १८६९ च्या सुमारास सस्क्वेहॅनात आले. आज इथल्या माणसाला हा मासा सोडून आपली नदी आठवतच नाही.

आता हत्यार. साध्या गळाला शिसं असतं आणि त्या वजनाने दोर लांब जातो. फ्लाय फिशिंगमध्ये टोकाला असतो तो किडा, त्याला वजनच नाही. म्हणून वजन दोरात असतं. जाड, तरंगणारा, प्लास्टिकचा थर दिलेला दोर हवेत मागे उलगडायचा, तो पुरता ताणला गेला की पुढे सोडायचा, आणि त्याच्या टोकाला निमुळतं होत गेलेलं आठ-नऊ फूट तंगूस किड्याला अलगद पाण्यावर ठेवतं. बाससाठी नऊ फुटी, सहा ते आठ नंबरचा रॉड वापरतात. ट्राउटसाठी लागतो त्यापेक्षा जरा दणकट, कारण फोमचे आणि हरणाच्या केसांचे किडे वाऱ्याला अडतात. हरणाचाच केस का, तर तो आतून पोकळ असतो आणि तरंगतो. असे केस गळावर गच्च बांधून कात्रीने भादरले की नाकतोड्याचं डोकं तयार होतं. बुचाचं अंग आणि खोलगट तोंड असलेला पॉपर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेनेसीतल्या चॅटनूगा इथल्या पेकिनपॉने रूढ केला. तोही मास्तरांच्या डबीत होता. पण त्यांनी काढला तो निळ्या फोमचा, काडीइतका बारीक टाचणीकिडा, म्हणजे डॅमसेलफ्लायची नक्कल.

कारण समोर टाचण्याच होत्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की खडकांच्या ओळींवर वॉटर विलो नावाच्या गवतासारख्या वनस्पतीची बेटं उभी राहतात. पांढऱ्या-जांभळ्या छोट्या फुलांच्या या बेटांवर सकाळी नऊनंतर निळ्या टाचण्या जोडीजोडीने उतरतात आणि पाण्यातल्या देठांवर अंडी घालतात. बास बेटाच्या सावलीत प्रवाहाकडे तोंड करून थांबलेला असतो. मधूनच एखादा धीट मासा पाण्याबाहेर उसळून देठावरची टाचणी उचलतो. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर रॉड हातात नसता तरी माझी सकाळ सार्थकी लागली असती.

किडा गवतापासून वीतभर अंतरावर पडला पाहिजे. पडल्यावर काहीही करायचं नाही. पाण्यावरची वर्तुळं विरू द्यायची. मग दोराला नखभर ओढ द्यायची, किड्याचे रबरी पाय थरथरतील इतकीच, आणि पुन्हा थांबायचं. पॉपर जोरात ओढून डुबुक डुबुक आवाज करायची चाल लार्जमाउथला मानवते. स्वच्छ, उतरलेल्या पाण्यातला स्मॉलमाउथ त्या आवाजाने तळाला जातो. माझ्या मते या सगळ्या कलेत थांबण्याएवढं महत्त्वाचं दुसरं काही नाही, आणि पुस्तकं नेमक्या त्याच गोष्टीवर सर्वांत कमी बोलतात.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठा मासा गाजावाजा करत नाही. लहान बास पाणी उडवत येतो. मोठा खालून सावकाश वर येतो, नाक लावतो आणि किडा आत ओढून घेतो. पाण्यावर एक छोटी खळी दिसते, बस्स. त्या क्षणी रॉड झटक्याने उचलायचा नाही. टोक खालीच ठेवायचं आणि डाव्या हाताने दोर सरळ मागे खेचायचा, भार जाणवेपर्यंत. अशाच एका खळीतून साधारण पंधरा इंची मासा मला लागला. आधी तो प्रवाहात आडवा झाला, मग दोनदा पूर्ण बाहेर उसळला, आणि जवळ आल्यावर राफ्टखाली घुसू लागला. ट्राउटपेक्षा याची ताकद वेगळी. ट्राउट पळतो, हा भांडतो. मास्तरांनी अंगठा खालच्या ओठावर ठेवून, पोटाखाली दुसरा हात देऊन त्याला पाण्यातच धरलं. गळाचा काटा आधीच चिमटून बसवलेला होता, त्यामुळे तो लगेच सुटला. लाल डोळा एकदा फिरला आणि मासा गवताखाली निघून गेला.

दुपारी उन्हं चढल्यावर नदी मंदावते, म्हणून दाजींनी मला कार्लाइलला नेलं. तिथला लेटॉर्ट हा चुनखडीच्या झऱ्यांचा ओढा रुंदीने आपल्या पाटाएवढा, पाणी बारमाही गार, आणि पात्रात वॉटरक्रेसची हिरवी गादी. इथे बास नाही, ट्राउट आहे. तरीही पाण्यावरच्या किड्याची गोष्ट सांगायची तर इथे यावंच लागतं. व्हिन्सेंट मारिनारो आणि चार्ल्स फॉक्स हे दोघे या काठावर तासन् तास पोटावर पडून राहायचे, मासे नक्की काय खातात ते बघत. त्यांना दिसलं की उन्हाळ्यात मासे पाण्यात जन्मलेल्या किड्यांइतकेच काठावरून पडणाऱ्या मुंग्या, तुडतुडे, भुंगेरे आणि नाकतोडे टिपतात. मारिनारोचं 'अ मॉडर्न ड्राय-फ्लाय कोड' हे पुस्तक १९५० साली आलं आणि जमिनीवरच्या किड्यांच्या नकलेला त्याने मान मिळवून दिला. याच ओढ्यावर एड शेंकने बांधलेला काळा रातकिडा आजही बास धरणाऱ्यांच्या डबीत असतो.

मारिनारोने आणखी एक गोष्ट नीट मांडली. माशाला वर काय दिसतं? प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला बाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतूनच दिसतं. मासा जितका खोल, तितकी खिडकी मोठी. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो, त्यात नदीचा तळ उमटलेला असतो. त्या आरशावर किडा बसला की त्याच्या पायांच्या दाबाने पृष्ठभागाला खळ्या पडतात आणि त्या प्रकाशाने चमकतात. म्हणजे माशाला किडा दिसायच्या आधी त्याच्या पायांचे ठसे दिसतात. हे कळलं की रबरी पायांची थरथर का चालते ते समजतं, आणि पंखांच्या रंगावर वाद घालत बसावंसं वाटत नाही.

बास आणि मुंगी यांची गाठ घालून देणारा एक प्रसंग फ्लाय फिशिंग करणाऱ्या मंडळींत वारंवार सांगितला जातो. १९४७ साली मेरीलंडचा एक तरुण, दुसऱ्या महायुद्धातून परतलेला बर्नार्ड 'लेफ्टी' क्रे, हार्पर्स फेरीजवळ पोटोमॅकवर जो ब्रुक्स या लेखकाला मासेमारीला घेऊन गेला. क्रे तेव्हा साधा रॉड वापरायचा आणि त्यात पटाईत होता. जेवणानंतर पाण्यावर एकाएकी वर्तुळं उठू लागली. पंखवाल्या मुंग्यांचा थवा नदी ओलांडत होता, पाण्यात पडत होता, आणि बास त्या टिपत होते. ब्रुक्सने फ्लाय रॉड उचलला आणि एकेका वर्तुळावर नेम धरून मासे काढायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी क्रे बाल्टिमोरला जाऊन फ्लाय रॉड घेऊन आला. पुढे अमेरिकेत फ्लाय कास्टिंगचा त्याच्याएवढा लोकप्रिय शिक्षक झाला नाही. २०१८ मध्ये, ९३ व्या वर्षी तो गेला.

संध्याकाळसाठी आम्ही नदीवर परतलो. जुलैअखेर ते ऑगस्ट हा इथे व्हाइट फ्लाय या मेफ्लायचा हंगाम. शास्त्रीय नाव इफोरॉन ल्यूकॉन. हिची अंडी हिवाळाभर तळाशी पडून राहतात, वसंतात फुटतात, अळ्या गाळात बिळं करून वाढतात, आणि उन्हाळ्याच्या शेवटी एका संध्याकाळी लाखोंनी वर येतात. आधी नर. ते पुन्हा एकदा कात टाकतात, कधी कधी तर उडता उडताच, आणि टाकलेली कात मागे लोंबत असते. मागून माद्या येतात. त्या कात टाकतच नाहीत, तेवढा वेळच त्यांच्यापाशी नसतो. पाय इतके दुबळे की कुठे बसताही येत नाही. मीलन होतं, अंडी पाण्यात पडतात, आणि रात्र संपायच्या आत सगळ्या मरतात.

आठच्या सुमारास सूर्य डोंगराआड गेला आणि वारा पडला. आधी दोन-चार पांढरे ठिपके पाण्याला लगटून वरच्या दिशेने उडताना दिसले. पाहता पाहता सारं पात्र पांढरं झालं. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे उसळतात, तसंच हे, फक्त दिव्याऐवजी मैलभर रुंद नदी. किडे चष्म्यावर, कानात, शर्टच्या आत. आणि पाण्यावर जिकडेतिकडे खळ्या. बास, सनफिश, छोटे मासे, सगळेच जेवायला बसलेले.

अशा वेळी मासा लागणं सोपं वाटतं, पण ते अवघड असतं. हजारो खऱ्या किड्यांत आपला एक खोटा मासा कशाला निवडेल? शिवाय ट्राउट एका जागी उभा राहून खातो, बास हिंडत खातो. त्यामुळे वर्तुळावर फ्लाय टाकून उपयोग नाही, मासा तिथून पुढे गेलेला असतो. दाजींनी मला एकच मासा निवडायला लावला. इथे एक खळी, मग दोन हातांवर दुसरी, मग तिसरी. त्याची चाल लक्षात आली की चौथी खळी जिथे पडेल तिथे 'पांढरा वुल्फ' नावाचा खोटा किडा ठेवायचा, बारा नंबरच्या गळावरचा, खऱ्या किड्यापेक्षा किंचित मोठा. फ्लाय दिसेनाशी झाल्यावर आवाजावर आणि अंदाजावर दोर खेचायचा. त्या अर्ध्या-पाऊण तासात मी फार मासे धरले नाहीत, आणि त्याची मला काही खंत नाही. अंधार झाला तसा माद्यांचा खच पाण्यावरून वाहत निघाला.

दिव्यांकडे झेपावणाऱ्या या किड्यांचा गावांनाही उपद्रव होतो. २०१५ च्या जूनमध्ये खालच्या अंगाला कोलंबिया आणि राइट्सव्हिल यांना जोडणाऱ्या पुलावर मेफ्लाय इतक्या पडल्या की मोटारसायकली घसरून अपघात झाले आणि पूल काही काळ बंद ठेवावा लागला. गाडीवाल्यांना हे संकट वाटणारच. पण इतक्या मेफ्लाय म्हणजे तळाच्या गाळात अजून प्राणवायू आहे, अशी नदी त्यातून ग्वाही देत असते.

ती ग्वाही इथे गृहीत धरता येत नाही. २००५ च्या उन्हाळ्यात सस्क्वेहॅना आणि जुनियाटामध्ये बासची त्या वर्षीची पिल्लं मोठ्या प्रमाणावर मेलेली सापडली. अंगावर व्रण, कल्ल्यांवर जिवाणूंचा हल्ला. मोठ्या माशांवरही फोड दिसू लागले. पोटोमॅकच्या एका फाट्यात त्याआधीच, २००३ मध्ये, नर बासच्या वृषणांत अंड्यांच्या पेशी आढळल्या होत्या. पुढे सस्क्वेहॅनातही तेच दिसलं. एकच एक कारण हाती लागलं नाही. तापलेलं उथळ पाणी, रात्री घटणारा प्राणवायू, शेतांतून येणारी खतं आणि रसायनं, जिवाणू, विषाणू, परजीवी, सगळ्यांचा हात त्यात आढळला. माशांची संख्या घटली. राज्याच्या मत्स्य आणि नौका आयोगाने २०११ पासून नदीच्या मधल्या पट्ट्यात धरलेला बास तिथल्या तिथे सोडणं सक्तीचं केलं. मधल्या काळात नदी बरीच सावरली आहे. वाटाड्यांचा धंदा पुन्हा चालतो आहे.

नदीकाठी रोज उभं राहणाऱ्या माणसांचं मोल मला इथे कळलं. मिडलटाउनचे बॉब क्लाउजर, ज्यांची क्लाउजर मिनो ही माशाची नक्कल जगभर वापरली जाते, त्यांच्यासारखे अनेक जुने वाटाडे मासे आणि किडे कमी झाल्याचं जाहीरपणे सांगत राहिले. प्रयोगशाळेचं काम प्रयोगशाळेनेच करायचं. पण गेल्या वर्षी या दगडाखाली अळ्या होत्या आणि यंदा नाहीत, हे सांगायला त्या दगडापाशी दरवर्षी जाणारा कुणीतरी लागतो.

ऑगस्टमध्ये तिकडे कुणाकडे जाणार असाल तर एक संध्याकाळ या नदीसाठी राखून ठेवा. सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. पाहुण्यांसाठी थोड्या दिवसांचा परवाना मिळतो आणि तो ऑनलाइन काढता येतो. वरच्या भागात वादळी पाऊस होऊन पाणी गढूळ झालं असेल तर त्या दिवशी जाऊ नका, बास वर बघणार नाही. तळचे दगड शेवाळाने निसरडे असतात, म्हणून बुटांना खिळे हवेत आणि अंगावर लाइफ जॅकेट. हॅरिसबर्गमधला डॉक स्ट्रीटचा बुटका बंधारा वरून निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं आणि त्या भोवऱ्याने आजवर बरेच जीव घेतले आहेत. होडीतून असाल तर त्याच्या खूप आधीच काठाला लागा.